खाली पेट

माझ्या एका चुकीच्या भाषांतरापायी हौसाक्कांनी दोन महिने दुधीभोपळा खाल्ला. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. आजीचं हिंदी फार चांगलं आहे, असा नातवंडांचा समज आहे आणि तो मी आठ वर्षं काळजीपूर्वक जपलाय. पण आता सत्तरी गाठली. शिवाय अक्काही राहिल्या नाहीत. त्या पोटानं गेल्या नाहीत, गावाकडे झोपेत गेल्या, हे आधीच सांगते, म्हणजे माझ्यावर आळ नको.

तेव्हा मी तरुण होते. बासष्ट वर्षांची. पोस्टातून निवृत्त होऊन, पुण्याचं घर बंद करून मुलाकडे गाझियाबादला नुकतीच राहायला आले होते. शाळेत असताना मी हिंदीच्या तीन परीक्षा दिल्या होत्या आणि तिन्हींत पहिला वर्ग मिळवला होता. ते हिंदी पंचेचाळीस वर्षं ट्रंकेत घडी घालून ठेवलेलं, ते मी इथे नेसून फिरायला लागले. पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्याला म्हटलं, "कृपया आधा किलो टमाटर प्रदान कीजिए." तो बिचारा स्टुलावरून उठून उभा राहिला. त्याला वाटलं, मी वजनकाटे तपासायला आलेय.

अशाच तोऱ्यात मी एका सकाळी लिफ्टपाशी आले, तर आत एक ठेंगण्या, काळ्यासावळ्या, नऊवारीतल्या बाई उभ्या. कमरेला चंची. दार मिटत होतं, उघडत होतं, आणि लिफ्ट जागची हलत नव्हती.

"आप किसकी प्रतीक्षा कर रही हैं?" मी विचारलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मराठी दिसतीस. कितव्यावर जाणार?"

"चौदाव्या."

"मग चल. जाताजाता नऊला मला सोड. अर्धा तास उभारलोय."

"अहो मग बटण नाही का दाबायचं? भीती वाटते?"

"भीती कशाची? पण एकटीनं काय जायचं वर? कुणी ना कुणी येतंयच की."

त्या कागलजवळच्या एका गावच्या. चौदा माणसांच्या घरात लग्न होऊन आल्या, तिथेच पन्नास वर्षं राहिल्या, आणि नवरा गेल्यावर धाकटा मुलगा संभाजी त्यांना इकडे घेऊन आला होता. आमच्या ओळखीच्या आधी तीन वर्षं त्या या सोसायटीत होत्या. त्यांच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असं बोलतात, हे मला ऐकून माहीत होतं, पण पुण्याचं रक्त गप्प बसेना. म्हटलं, "अक्का, 'उभारलोय' नव्हे. 'उभी आहे' म्हणावं."

"उभीच हाय की," अक्का म्हणाल्या. "बसलोय का मी?"

त्यानंतर मी त्यांचं व्याकरण सोडून दिलं.

त्यांच्या चंचीत पानसुपारी नसायची. एक पितळी डबी असायची आणि डबीत चटणी. कोल्हापूरकडे चटणी म्हणजे आपली ओली चटणी नव्हे. कांदा, लसूण, खोबरं आणि बारीकसारीक मसाले घालून वर्षाचं कुटून ठेवलेलं लालभडक तिखट, त्याला ती मंडळी साध्या आवाजात चटणी म्हणतात. अक्का ती आमटीत घालत, भाकरीवर घालत, एकदा मी दिलेल्या साखरभातावरही त्यांनी ती चिमूटभर घातली आणि म्हणाल्या, "आता जरा बरा लागतोय."

माझ्या शेजारच्या भल्लाभाभींनी एकदा छोले आणले होते. अक्कांनी चव घेतली, डबी काढली. भाभी म्हणाल्या, "हमें भी दो अम्मा, हम पंजाबी मिर्ची से नहीं डरते." अक्कांनी डबी पुढे केली. भाभींनी चमचाभर घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून निरोप आला की त्या आराम करताहेत.

डबी गावाहून भरून येई. दरवर्षी चैत्राच्या सुमाराला अक्का गावी जात आणि भाऊबंदांतल्या सात घरांची चटणी त्यांच्या देखरेखीखाली कुटली जाई. कुठली मिरची किती, धने किती, खोबरं किती करपवायचं, हे सगळं त्यांच्या डोळ्यांत. कागदावर काही नाही. "मी पोचलो न्हाई तर सात घरं वर्सभर अळणी खातील," त्या म्हणत. त्यांच्या बोलण्यात कौतुक नसे, जबाबदारी असे. बँकेची किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस असाच बोलतो.

पोटाचं दुखणं मला आधी कळलंच नाही, कारण अक्का पोट असं म्हणतच नसत. एकदा दुपारी गेले तर पदर तोंडाला लावून बसलेल्या.

"काय झालं?"

"मामंजी उठल्यात. आज लवकर उठलं."

मामंजी म्हणजे सासरे, एवढं मला ठाऊक होतं. मी आवाज खाली आणला. "आतल्या खोलीत आहेत का? वय काय त्यांचं?"

"जाऊन तीस वर्सं झाली," अक्का म्हणाल्या, आणि छातीखाली हात ठेवला. "ह्यो हितं उठतोय त्यो. आमचं मामंजी असंच हुतं. बोलायचं न्हाई, नुसतं आतल्या आत जळत बसायचं."

तेव्हापासून आमच्यात तीच भाषा झाली. मामंजी निजले, मामंजी कुरकुरताहेत, मामंजींनी आज ताट लोटलं. पित्ताच्या गोळ्या, बडीशेप, थंड दूध असले नैवेद्य मामंजींना दाखवले जात. ते दोन दिवस खूश राहत आणि पुन्हा उठत.

माझी दुपार अक्कांकडेच जायची. संभाजी आणि त्याची बायको श्वेता दोघंही गुरुग्रामला नोकरीला. सातला टॅक्सीनं जायची ती रात्री नऊला यायची. श्वेता ठाण्याची, हसरी पोरगी. पाचला उठून पोळीभाजी करून अक्कांचं जेवण ओट्यावर झाकून जाई. मग दिवसभर अक्का, टीव्ही आणि मी. टीव्हीवर हिंदी मालिका. अक्का सोसायटीत कुणाशी हिंदीत बोलत नसत, मान हलवत. त्यामुळे मालिका त्यांना समजावून सांगणं हे मी माझं कर्तव्य मानलं. पडद्यावरची बाई वाक्य बोलली की मी मराठीत सांगे. एकदा एक सून देवापुढे बसून हमसाहमशी रडत होती, "मेरी गोद खाली है." मी सांगितलं, "अक्का, ती म्हणतेय, मांडी खाली घातलीय. जमिनीवर बसून पाय दुखताहेत तिचे."

अक्कांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "असं व्हय," म्हणाल्या. "बस, पुढचं सांग."

त्या जानेवारीत मामंजी उठले ते निजेचनात. अक्का उलट्या करायला लागल्या, चेहरा लहान झाला. संभाजी तापट. "आधी पोट, मग गाव," तो गरजला. "ह्या अवस्थेत तुला मी चटणी कुटायला पाठवू? डॉक्टर हो म्हणेपर्यंत तिकीट काढणार नाही." त्या दिवसापासून अक्का रोज मला विचारू लागल्या, "चैताला किती दिस ऱ्हायलं गं?"

संभाजीनं रविवारी डॉक्टर गाठला. भला माणूस होता, पोटाचाच डॉक्टर. दुभाषी म्हणून मी अर्थातच गेले. नेमका त्याच वेळी संभाजीला ऑफिसचा फोन आला आणि तो बाहेर गेला. आत डॉक्टर, अक्का आणि पहिला वर्ग.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "दर्द खाली पेट ज़्यादा होता है?"

मी वळून म्हटलं, "अक्का, खालच्या पोटात जास्त दुखतं का?"

अक्का थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग छातीखाली बोट ठेवलं. "न्हाई. हितं, वर."

"नहीं डॉक्टरसाहब. खाली पेट नहीं. ऊपर."

डॉक्टर लिहिता लिहिता थबकले. "ऊपर तो ठीक है. दर्द की कोई गोली तो खाली पेट नहीं लेतीं?"

"अक्का, खालच्या पोटासाठी एखादी गोळी घेता का?"

"न्हाई बा. गुडघ्यासाठी घेतो."

"नहीं," मी सांगितलं. "घुटने के लिए लेती हैं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. बाहेर पंधरा माणसं ताटकळत होती. त्यांनी नीट चौकशी केली तरी उत्तरं त्यांना माझ्याकडूनच मिळत होती. खाण्याच्या वेळा ठीक आहेत ना, म्हणाले, मी ठणकावून हो सांगितलं, कारण श्वेताचा झाकलेला डबा मी रोज ओट्यावर पाहत होते. मग पुढे तिखटाचा विषय निघाला. मी डबीचं वर्णन केलं, जरा रंगवूनच केलं. डॉक्टरांचा चेहरा उजळला. शेवटी कारण सापडलं होतं. संभाजीला आत बोलावून त्यांनी सांगितलं की जठराला आतून सूज आहे, जुनी आहे. तिखट बंद, तळण बंद, लोणचं बंद. दोन महिने सौम्य आहार आणि औषध. मग बघू.

आणि संभाजीनं त्या पथ्यावर देखरेख ठेवायला मला नेमलं.

मी तेव्हा कशी होते म्हणून सांगू. पोस्टात चाळीस वर्षं नियमांवर बोट ठेवून लोकांची पार्सलं परत पाठवलेली बाई. मी पथ्याचा तक्ता केला. डाव्या बाजूला 'ग्राह्य', उजव्या बाजूला 'वर्ज्य'. तो अक्कांच्या फ्रिजवर चिकटवला. 'ग्राह्य'मध्ये मुगाची खिचडी, मऊ भात, दुधी, फार तर उकडलेला मुळा. 'वर्ज्य'मध्ये जगातलं उरलेलं सगळं. पितळी डबी मी जप्त करून माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवली.

अक्का तक्त्यापुढे उभ्या राहिल्या. "दुधी भाजीत का लिहिलास? ती भाजी न्हवं, आजार हाय."

चौथ्या दिवशी त्यांच्या न्हाणीघरात टाल्कम पावडरचा डबा दिसला. अक्का पावडर लावत नसत. मी डबा उघडून नाकाशी नेला आणि पुढची दहा मिनिटं शिंकत होते. अक्का शांतपणे पाणी घेऊन आल्या. "उन्हाळ्यात घामोळं येतंय, त्यावर लावतो," म्हणाल्या. मी तोही डबा जप्त केला. माझ्या साड्यांना अजून तो वास येतो, आणि आता मी त्या मुद्दाम धुवायला टाकत नाही.

पण मामंजी हटेनात. एक महिना गेला, दीड झाला. चटणी नाही, तळण नाही, आणि दुखणं तसंच. उलट अक्का वाळत चालल्या. दुधी पाहिला की तोंड फिरवत. चैत्राचं विचारणं बंद झालं. एकदा म्हणाल्या, "औंदा सात घरांनी बाजारातनं पुडा आणावा," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. हे ऐकून मी काय करावं? मी तक्त्यातून मुळासुद्धा काढून टाकला.

मार्च संपत आला तेव्हा माझी स्वतःची रक्ततपासणी निघाली. तपासणीवाल्या मुलीचा फोन आला. "आंटीजी, कल सुबह खाली पेट आना है."

मी तिला म्हटलं, "बेटी, नीचे का पेट, ऊपर का पेट, सब साथ में ही आएगा."

मग ती हळूच म्हणाली, "नहीं आंटीजी. मतलब, कुछ खाके नहीं आना. पेट खाली होना चाहिए."

फोन हातात धरून मी पलंगावर बसले. 'टॅक्सी खाली है' म्हणजे टॅक्सी रिकामी, हे मला पुण्यापासून माहीत होतं. पोटाला टॅक्सीचा नियम लावावा, हे काही सुचलं नव्हतं. आमच्या परीक्षांत 'ग्रीष्मावकाश' होता, 'आज्ञापालन' होतं. पोट कुठल्याच धड्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रक्त द्यायचं तसंच ठेवून सकाळी सातलाच नवव्या मजल्यावर गेले. श्वेता आणि संभाजी नुकतेच निघाले होते. मी सरळ विचारलं, "अक्का, तुम्ही सकाळपासून काय काय खाता, ते क्रमानं सांगा."

"पाचला गुडघ्याची गोळी. कोऱ्या च्याबरोबर."

"मग?"

"मग काय."

"मग नाश्ता किती वाजता?"

अक्का पदराशी चाळा करत राहिल्या. थोड्या वेळानं कळलं, ते असं. नाश्ता नाही. ओट्यावरचं जेवण अकराला झाडूपोछावाली सुनीता येई, तिला समोर बसवून वाढत. ती खात असताना दोन घास घेतले तर घेतले. ती रजेवर असली की डबा तसाच फ्रिजमध्ये. रात्री साडेनऊला मुलगा-सून आले की त्यांच्याबरोबर जेवत, पोटभर, दिवसाची भूक एकदमच.

"पण का?"

"एकटीनं घास उतरत न्हाई गं. चौदा माणसांच्या पंगतीत जेवलोय पन्नास वर्सं. हितं भिंतीकडं तोंड करून खायचं, तर गिळता येत न्हाई. घशात बसतंय." मग घाईनं म्हणाल्या, "श्वेतीला बोलू नको हां. ती बिचारी करून ठेवती."

लिफ्टमधला अर्धा तास मला तेव्हा आठवला.

मी उठले, आमच्या घरून माझ्या वाटचे पोहे घेऊन आले आणि त्यांच्यासमोर ताटली ठेवून बसले. माझ्याही घरातली माणसं सातलाच जात होती आणि मीही उभ्याउभ्याच काहीतरी तोंडात टाकत होते, पण तो विषय इथे नको. अक्कांनी पोहे खाल्ले. सगळे खाल्ले. मग गुडघ्याची गोळी घेतली. त्या दिवसापासून आठला पोहे किंवा उपमा, साडेबाराला जेवण, पाचला काहीतरी हलकं, असा आमच्या दोघींचा रतीब सुरू झाला.

आठवड्यानं मी अक्कांना रिक्षात घालून एकटीच डॉक्टरांकडे घेऊन गेले. अक्कांना माझी चूक सांगायचं धैर्य झालं नव्हतं, पण डॉक्टरांना सांगणं भाग होतं. अक्का भिंतीवरचं जठराचं रंगीत चित्र बघत बसल्या होत्या, त्यांना हिंदी कळत नव्हतं, म्हणून मी त्यांच्यादेखतच सांगून टाकलं, "डॉक्टरसाहब, पिछली बार अनुवाद में त्रुटि रह गई थी."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. आधी तोंडावर हात धरला, मग तो सुटला. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि बाहेरची नर्स डोकावून गेली. मग मात्र ते गंभीर झाले, रोजच्या वेळा विचारल्या, जंतूंची तपासणी लिहून दिली, ती पुढे ठीक निघाली. म्हणाले, "मिर्ची भड़काती ज़रूर है. पर आग तो भूख ने और दर्द की गोली ने लगाई है, माताजी. थोड़ा-थोड़ा, टाइम से खाना. घुटने की गोली मैं बदल देता हूँ, कोई भी गोली हो, खाने के बाद. पेट ठीक हो जाए तो मिर्ची चुटकी भर."

या वेळी मी शब्दन् शब्द नीट सांगितला. अक्कांनी एकच शंका काढली. "चिमूट कुणाची? त्याची का माझी?"

तीन आठवड्यांत मामंजी निजले. अगदी उठलेच नाहीत असं नाही, पण उठले तरी कूस बदलून पुन्हा झोपत. अक्कांचं पोट सुधारलं आणि माझं चार किलोनं वाढलं. तक्ता फ्रिजवरून निघाला. त्याच्या पाठीवर अक्कांनी मला सात घरांच्या चटणीचं प्रमाण उतरवून घ्यायला लावलं, "उगं असू दे" म्हणून. एप्रिलच्या मध्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली आणि संभाजीनं तिकीट काढलं. उशिरा का होईना, सात घरांनी वाट पाहिली होती. गावी गेल्यावर त्या तिकडेच रमल्या. पंगत होती. इकडे पुन्हा आल्या नाहीत. डबी मात्र दरवर्षी यायची, माझ्या नावानं, पार्सलनं, आणि ते पार्सल मी कधी परत पाठवलं नाही.

त्या निघाल्या त्या सकाळी टॅक्सी फाटकाशी उभी होती. संभाजी डिकीत पिशव्या लावत होता. श्वेता वर राहिलेली पाण्याची बाटली आणायला पळाली होती. मी साड्यांमागची पितळी डबी आणून अक्कांच्या हातात दिली आणि वाटलं, आता तरी सांगावं. म्हटलं, "अक्का, तुमचे दोन महिने माझ्यामुळे वाया गेले. डॉक्टर 'खाली पेट' म्हणाले होते, मला त्याचा अर्थच कळला नव्हता."

अक्कांनी डबी चंचीत टाकली, चंचीची दोरी ओढली आणि संभाजीकडे एकदा बघून माझ्या कानाशी आल्या.

"आगं कुमुद, खाली पेट म्हंजे रिकामं पोट, हे मला तवाच कळलं हुतं. तीन वर्सं हितं टीव्ही बघतोय मी. तू मालिका निम्मी चुकीची सांगायचीस, पण सांगायला म्हणून बसायचीस, तवा गप ऐकत हुतो. त्या डॉक्टरला रिकामं पोट म्हणून सांगितलं असतं, तर ह्यो संभाजी घरी जाऊन पोरीवर उखडला असता, माझ्या आईला उपाशी ठेवलीस म्हणून. तू चुकलीस, ते माझ्या पथ्यावर पडलं."